लिस्बनमध्ये महिनाभर राहायचं, तर घर कुठल्या भागात घ्यावं?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त आहोत. मी चौसष्ट, हे सदुसष्ट. येत्या नोव्हेंबरात महिनाभर लिस्बनला राहायचं ठरवलं आहे. धावतपळत दहा शहरं बघण्यापेक्षा एकाच शहरात आपलं घर असल्यासारखं राहावं, ही माझी फार दिवसांची इच्छा. तीन फ्लॅट निवडून ठेवलेत. पहिला आल्फामात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून नदी दिसते. दुसरा बाइरू आल्तूत, सगळ्याच्या मध्यावर. तिसरा पार्क दश नसोइंशमध्ये. नवी इमारत, लिफ्ट आहे, पण फोटो बघून मन भरत नाही. दीड वर्षापूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर तासभर चालते, जिने उतरताना त्रास होतो. ह्यांची झोप सावध आहे. माझं मन आल्फामाकडे ओढतंय. काय करू?

उत्तर: ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. आल्फामा आणि बाइरू आल्तू ही दोन्ही घरं सोडून द्या. पार्क दश नसोइंशचं चालेल. पण त्याआधी चौथं घर शोधून बघा, कांपू द ओरीक किंवा आवेनीदश नोवश या भागांत, लिफ्ट असलेलं. आल्फामात फिरायला जा, वाटलं तर महिन्यातून पंधरा वेळा जा. राहू मात्र नका.

मी लिस्बनमध्ये दोनदा महिना-महिना राहिले आहे. पहिल्या खेपेला मी तुमच्यासारखीच खिडकीवर भाळले होते. घर मोरारियात होतं, किल्ल्याच्या उतारावर. जाहिरातीत ‘थोडासा चढ’ असं लिहिलेलं. मेट्रोपासून दारापर्यंतचं अंतर नकाशावर ४०० मीटर. पोचल्यावर वाटेतल्या दगडी पायऱ्या मोजल्या, त्या ९४ भरल्या. त्यापुढे घराचे तीन जिने. पहिले आठ दिवस उत्साहात गेले. नवव्या दिवशी दुपारी घरी आले, दूध संपलंय हे पाहिलं आणि पुन्हा खाली उतरणं अगदी जिवावर आलं. तेव्हापासून संध्याकाळी बाहेर पडणं कमी होत गेलं. नदी खिडकीतून रोज दिसायची. तिच्या काठावर मात्र मी त्या महिन्यात मोजून पाच वेळा गेले. आणि तेव्हा माझे गुडघे धडधाकट होते.

चार दिवसांच्या सहलीत माणूस सकाळी एकदा उतरतो आणि रात्री एकदा चढतो. महिनाभर राहिलं की पाव आणायला उतरावं लागतं, कचरा टाकायला उतरावं लागतं, छत्री विसरली म्हणून परत चढावं लागतं. म्हणून लिस्बनमध्ये घर निवडताना मी आता पहिल्यांदा उंची बघते, बाकी सगळं नंतर. नकाशात चढ दिसत नाही. पण पत्त्यात बरेचदा दिसतो, आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली. रस्त्याच्या नावात ‘काल्सादा’ असेल, तर तो बहुधा फरसबंदीचा चढाचा रस्ता. ‘एश्कादीन्याश’ म्हणजे सरळ पायऱ्याच. तिथे चाकांची बॅग हातात उचलून न्यायची. ‘बेकू’ म्हणजे बोळ, बहुतेक वेळा पुढे बंद. टॅक्सी तुम्हाला तोंडाशी सोडून निघून जाणार. ‘त्रावेसा’ म्हणजे आडवी गल्ली, ती कशीही असू शकते. ‘आवेनीदा’ म्हणजे रुंद, झाडांचा, बसचा रस्ता. जाहिरातीत पूर्ण पत्ता देत नाहीत, पण रस्त्याचं नाव मालकाला विचारता येतं. ते मिळालं की नकाशावरच्या रस्त्याच्या फोटोंमधून मेट्रोच्या दारापासून घराच्या दारापर्यंत एक-एक पाऊल पुढे जात चालून बघा. अर्धा तास लागेल, पण तो वाया जाणार नाही.

पत्त्यातला मजलाही नीट वाचा. ‘रे-दु-शांव’ म्हणजे तळमजला. मग पहिला, दुसरा. पुढे ‘दिरैतू’ असेल तर उजव्या हाताचं घर, ‘एश्केर्दू’ असेल तर डाव्या हाताचं. जुन्या इमारतींत जिना लाकडी, अरुंद आणि चांगलाच उभा असतो. मालकाला ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारू नका. ‘रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत’ हेही विचारा, कारण आत शिरल्यावर सात-आठ पायऱ्या चढून मगच लिफ्ट लागते, असं मी दोन इमारतींत पाहिलं आहे.

तुम्ही नोव्हेंबरात जाताय म्हणून फरशीबद्दल सांगायलाच हवं. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या मुठीएवढ्या चौकोनी तुकड्यांचे आहेत. वर्षानुवर्षं चालून ते गुळगुळीत झालेत. नोव्हेंबर-डिसेंबर हे तिथले सगळ्यात पावसाचे महिने, आणि ओल्या फरशीवर उतार आला की पाय ठरत नाही. एका पावसाळी सकाळी माझ्या पुढे एक म्हातारी बाई उतरत होती. उजव्या हातात कापडी पिशवी, डावा हात भिंतीवर. पाऊल सरळ टाकत नव्हती, आडवं टाकत होती. भिंत संपून दार आलं की थांबायची, आणि दाराच्या पलीकडच्या चौकटीला हात पोचल्याशिवाय पुढचं पाऊल उचलायची नाही. तिला तो उतार जन्माचा ओळखीचा असणार. तुम्हाला उतरतानाच त्रास होतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुमचं पत्र वाचताना सारखी तीच डोळ्यांपुढे येत होती.

आल्फामाचं आकर्षण खोटं नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात शहराचा मध्य जमीनदोस्त झाला. खालचा बायशा भाग त्यानंतर तेव्हाचे मंत्री पोंबाल यांच्या देखरेखीखाली सरळ रेषांत नव्याने आखला गेला. आल्फामा मात्र बराचसा तगला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून जुन्याच वळणाने जातात. पण आज तिथल्या खूप घरांत पर्यटक उतरतात. २०१८ मध्ये महापालिकेने आल्फामा, मोरारिया, किल्ल्याचा भाग, मादरागोआ आणि बाइरू आल्तू इथे अशा घरांची नवी नोंदणी थांबवली, इतकी त्यांची संख्या वाढली होती. त्याचा परिणाम राहणाऱ्याला रोज जाणवतो. पहाटे पाचला विमानतळाकडे निघालेल्या बॅगांची चाकं फरशीवर खडखडतात. घरगुती किराणा शोधावा लागतो, चुंबक आणि मातीचे कोंबडे मात्र दारोदार मिळतात. शेजारी दर तीन दिवसांनी बदलतो. घर असल्यासारखं राहायची तुमची इच्छा तिथे पुरी होणं अवघड आहे.

बाइरू आल्तूबद्दल थोडक्यात. १५१३ मध्ये आखलेला तो भाग देखणा आहे, दिवसा शांतही असतो. जाहिरातीतले फोटो दिवसाचेच. रात्री बार उघडले की आत जागा पुरत नाही आणि माणसं पेले घेऊन रस्त्यावर उभी राहतात. गल्ल्या चिंचोळ्या, त्यामुळे आवाज थेट वर चढतो. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी तिथे घर घेऊच नये. एक खूण ध्यानात ठेवा: कुठल्याही घराच्या अभिप्रायांत कानात घालायच्या बोळ्यांचा उल्लेख आला, मग तो कौतुकाने का असेना, तर ते घर यादीतून काढा. आणखी एक बारीक गोष्ट. खिडकीखाली रस्त्यावर हिरवा, फुगीर, पिंपासारखा डबा दिसला, तर तो काचेच्या बाटल्या टाकायचा. बाटल्या रात्रीसुद्धा पडतात, आणि तो रिकामा करायला गाडी आली की सगळी गल्ली जागी होते.

आता कांपू द ओरीक. दुसऱ्या खेपेला मी इथे राहिले आणि माझा जीव रमला. हा भाग टेकडीच्या माथ्यावर आहे, पण माथा सपाट आहे आणि रस्ते काटकोनात आखलेले. घरातून निघून बाजार, औषधाचं दुकान, बेकरी, बाग, सगळं एका उंचीवर. सकाळी आठला कोपऱ्यावरच्या पाश्तेलारियात, म्हणजे बेकरी-कॉफीच्या दुकानात, मुलांना शाळेत सोडून आलेल्या आया आणि वर्तमानपत्र घेतलेले आजोबा काउंटरशी उभे राहून ‘बीका’ पीत असतात. लिस्बनमध्ये छोट्या कडक कॉफीला हेच नाव. चौथ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी न विचारता माझा कप पुढे ठेवला. त्या कपाने मला जो आनंद दिला तो मोरारियातल्या नदीच्या खिडकीने दिला नव्हता. भागाच्या मधोमध जार्दीं दा पारादा ही चौकोनी बाग आहे. तिथे दुपारी म्हातारी मंडळी पत्ते खेळत बसायची. २८ नंबरची ट्रॅम इथेच संपते, म्हणून सकाळी लवकर गेलं की तुम्हाला बसायला जागा मिळेल आणि एश्त्रेला, शियादू करत थेट आल्फामात उतरता येईल. भागाची उणीव एकच, मेट्रो नाही. लाल मार्गिका अल्कांतारापर्यंत वाढवायचं काम काढलं आहे आणि त्यातलं एक स्थानक नेमकं या बागेखाली येतं. म्हणून घर पक्कं करण्याआधी ‘खोदकाम तुमच्या खिडकीपासून किती लांब आहे’ हे मालकाला स्पष्ट विचारा.

आवेनीदश नोवश हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या रुंद रस्त्यांचा भाग. सालदान्या, कांपू पेकेनू, सांव सेबाश्तियांव ही मेट्रो स्थानकं जवळ, बऱ्याच इमारतींना लिफ्ट, आणि गुलबेंकियान संग्रहालयाची बाग पायी जाण्याजोगी. नोव्हेंबरातल्या कोवळ्या उन्हात त्या तळ्याकाठी बसायला तुम्हाला आवडेल. इथला त्रास विमानांचा. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, आणि उत्तरेचा वारा असला की विमानं दक्षिणेकडून, शहराच्या डोक्यावरून खाली येत उतरतात. तुमच्या यजमानांच्या झोपेसाठी खिडक्यांना दुहेरी काच आहे का ते विचारा.

पार्क दश नसोइंश १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभा राहिला. सगळं सपाट, नदीकाठी मैलभर चालता येतं, गुडघ्याला याहून सोयीचा भाग शहरात नाही. फोटो बघून मन भरत नाही म्हणता ते मला समजतं. जुन्या शहरात जायला ओरियेन्तवरून लाल मेट्रो, आलामेदाला बदलून हिरवी, मग रोसियू. रोज जाता येतं. वरच्या दोन भागांत मनासारखं घर मिळालं नाही, तर निःशंक मनाने हे घ्या.

थंडीबद्दलही सांगते. तिथली थंडी आकड्यांत फार नसते. जानेवारीतही दिवसा १५ अंशांच्या आसपास. पण बहुतेक घरांत मध्यवर्ती हीटिंग नसतं, भिंती ओल धरतात आणि आत बाहेरपेक्षा जास्त गारठतं. दक्षिणेकडे तोंड असलेलं घर मागा. अभिप्रायांत ‘ओल’ किंवा ‘बुरशी’ दिसली तर पुढे जा. आर्द्रता खेचून घेणारं यंत्र घरात आहे का, हा प्रश्न तिथल्या मालकांना अजिबात चमत्कारिक वाटत नाही.

कागदाचं पण बघून घ्या. पर्यटकांना ३० दिवसांहून कमी मुदतीने भाड्याने द्यायच्या घराला ‘आलोजामेंतू लोकाल’ ही नोंदणी लागते आणि तो क्रमांक जाहिरातीत असायला हवा. नसेल तर व्यवहार करू नका. शहराचा पर्यटक कर सप्टेंबर २०२४ पासून माणशी रात्रीला ४ युरो आहे, पण जास्तीत जास्त सात रात्रींचाच. म्हणजे महिनाभर राहिलात तरी माणशी २८ युरो. जास्त मागितले तर हे दाखवा.

आणि आल्फामाचं घर सोडलं म्हणून मन खट्टू करू नका. बायशामधल्या रुआ दुश फांकेइरुशवर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते. तिथून थोडं चाललं की दुसरी लिफ्ट, तिने किल्ल्याच्या पायथ्याशी पोचता. तसंच बायशा-शियादू मेट्रोच्या आतले सरकते जिने खालच्या रस्त्यावरून थेट शियादूच्या चौकात नेतात. चढणं असं उरकायचं. उतरताना मात्र घाई न करता ट्रॅम किंवा बस घ्या.

प्रश्न: मी एकोणतीस वर्षांची, एकटी, लॅपटॉपवर काम करते. मार्चमध्ये महिनाभर लिस्बनला राहीन. इंतेंदेंत भागात परवडणारी खोली मिळतेय, पण एका जुन्या लेखात तो भाग वाईट म्हटला आहे. आरोयुशचं मेट्रो स्थानक बंद असल्याचंही वाचलं. मग काय निवडावं?

उत्तर: तुम्ही वाचलेलं त्या-त्या वेळी खरं होतं. इंतेंदेंतच्या चौकात पूर्वी अमली पदार्थांचा धंदा उघड चाले. २०११ मध्ये तेव्हाचे महापौर आंतोनियू कोश्ता यांनी आपलं कार्यालयच त्या चौकात हलवलं; तेच पुढे देशाचे पंतप्रधान झाले. त्यानंतर चौकाची डागडुजी झाली, कॅफे आले. आरोयुश स्थानक २०१७ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालं होतं, ते २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. कुठल्याही भागाबद्दल वाचताना आधी लेखाची तारीख बघा. पाच वर्षांपूर्वीच्या मतावर घर नाकारू नका, आणि घेऊही नका.

तरीही माझा कल इंतेंदेंतपेक्षा थोडं वर, आंजुश किंवा आरोयुशकडे आहे. आल्मिरांत रैश हा लांब रस्ता खालून वर हलक्या चढाने जातो, त्यावर दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात आणि मेट्रो रात्री एकपर्यंत चालते. एकटीने रात्री परतताना स्थानकाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत उजेडाचा, वर्दळीचा रस्ता असणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मुख्य रस्त्यापासून दोन वळणांपेक्षा आत जाऊ नका.

खोलीबद्दल एक गोष्ट नक्की विचारा. लिस्बनची जुनी घरं पुढून अरुंद आणि आत खोल असतात. मधल्या खोल्यांना रस्त्याकडे खिडकी नसते, ‘सागुआंव’ म्हणजे इमारतीच्या पोटातल्या उजेडाच्या विहिरीकडे असते, किंवा खिडकीच नसते. तिथे दिवसभर दिवा लावून बसायचं, आणि सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांचे आवाज ऐकायचे. महिनाभर त्याच खोलीत काम आणि झोप दोन्ही असेल तर माणूस कोमेजतो. मालकाकडून खिडकी उघडी ठेवून, तिच्यातून बाहेरचा काढलेला फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

प्रश्न: आम्ही तिघं मित्र १० फेब्रुवारी ते १० मार्च लिस्बनला असू. नदीपलीकडे कासील्यशला घर बरंच स्वस्त मिळतंय. रोज बोटीने ये-जा करणं जमेल का? पास काढावा का?

उत्तर: जमेल, आणि तरुण असाल तर मजाही येईल. लिस्बनच्या काइश दु सोद्रे धक्क्याहून बोट दहाएक मिनिटांत कासील्यशला पोचते, आणि परतताना सगळं शहर टेकड्यांवर चढत गेलेलं समोर दिसतं. पण रात्रीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी बघा. ती चुकली तर पुलावरून टॅक्सी करावी लागेल, आणि असं आठवड्यातून दोनदा झालं की स्वस्त घराचा फायदा संपला. संपाची सूचना आधी जाहीर होते, ती दर आठवड्याला बघायची सवय ठेवा. परतीच्या विमानाच्या दिवशी बोटीवर विसंबू नका.

पासाचं गणित तुमच्या तारखांमुळे बिघडतं. नावेगांत हा तिथला मासिक प्रवास-पास शहरापुरता ३० युरो आणि सगळ्या महानगर प्रदेशाचा ४० युरो. बोटीसाठी तुम्हाला ४० चाच लागेल. पण तो कॅलेंडरच्या महिन्याला बांधलेला असतो, एक तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंत. तुम्हाला फेब्रुवारीचा आणि मार्चचा असे दोन पास पडतील, आणि मार्चचा तर दहाच दिवस वापरता येईल. तारखा हलत असतील तर मुक्काम १ ते ३१ मार्च करा. हलत नसतील तर फेब्रुवारीचा पास काढा, आणि मार्चसाठी अर्ध्या युरोच्या साध्या कार्डात पैसे भरून दर फेरीला वळते करू द्या. त्याला तिथे ‘झॅपिंग’ म्हणतात. पासाचं कार्ड फोटोसह ज्याच्या-त्याच्या नावाचं असतं, त्यामुळे तिघांत एक चालणार नाही. झॅपिंगचं कार्डही प्रत्येकाने वेगळं घ्यायचं.